सगुणमामाचा बदली ड्रायव्हर

सगुणमामा भर मे महिन्यात स्वेटर घालतो. गोव्यातल्या आमच्या पार्से गावात त्या दिवसांत काजूची बोंडं झाडावरच शिजतील की काय असा उकाडा असतो. आम्ही सगळे बनियनवर, काही जण तेवढ्यानेही त्रासलेले. आणि मामा सोप्यावर तपकिरी स्वेटर, कानांना मफलर आणि हातात कडकडीत चहा घेऊन ऐटीत बसलेला. नवा पाहुणा काळजीने विचारतो, "ताप आलाय का हो?"

मामा शांतपणे सांगतो, "ताप नाय. माजो ड्रायव्हर रजेर गेलो."

पाहुण्याला वाटतं, ताप डोक्यात गेलाय.

त्याचं असं आहे, मामाने आयुष्यभर सरकारी बस चालवली. पेडण्याहून वास्को आणि वास्कोहून पेडणे. निवृत्तीच्या सुमारास त्याच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीने काम टाकलं आणि डॉक्टरांनी रोज सकाळी अनशापोटी घ्यायची गोळी दिली. मामाने हे सगळं प्रकरण डेपोच्या भाषेत बसवून टाकलं. ग्रंथी म्हणजे कायमचा ड्रायव्हर. तो बेमुदत रजेवर. गोळी म्हणजे बदली ड्रायव्हर.

"माणूस वायट नाय," मामा बदलीबद्दल नेहमी चांगलंच बोलतो. "गाडी टायमार काडता, टायमार पावयता. पूण त्येका रूट म्हायत नाय रे. चढाव खंय, खड्डो खंय, खंयच्या आंब्याकडे म्हातारी हात दाखयता, ह्या सगळा कायमच्याकच म्हायत."

मामाची एकच तक्रार होती. रक्ताचा रिपोर्ट दर खेपेला नॉर्मल यायचा, आणि मामा काही नॉर्मल होत नव्हता. थंडी वाजायची, दुपारी बसल्या जागी झोप यायची, खांदे भरून यायचे. आणि रिपोर्ट नॉर्मल असलेल्या माणसाची घरात काय किंमत असते, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

"रिपोर्ट बरो आणि माणूस वायट, असा खंय असता?" मामी तोफ डागायची. "नारळ सोलूक सांगलो काय थायरॉइड! आणि जेवूक बोलयले काय खंय जाता तुमचो तो थायरॉइड?"

"गो, गाडी डेपोत टायमार पावली, इतक्याच कागदार लिवतत," मामा मफलर सारखा करत म्हणायचा. "आतले पॅसेंजर कितके ओकले, ता कोण लिवणा नाय."

आमच्या घराण्यात फुकटचा सल्ला द्यायचं काम माझ्याकडे आहे. डिचोलीच्या कचेरीत कारकुनी करता करता मी वैद्यकशास्त्राचाही अभ्यास केला आहे, म्हणजे दिनदर्शिकेच्या पाठीमागचा. मी मामाला ठणकावून सांगितलं, "मामा, हे सगळं आळसाने होतं. सकाळी चालायला चल माझ्याबरोबर."

गेलो. वाटेतल्या मोरीवर मामा टेकला. "बॅटरी उतरली," म्हणाला. मी त्याच्याही आधी, मागच्या वळणावर, चपलेचा पट्टा लावायच्या निमित्ताने थांबून घेतलं होतं. मामाने माझ्या चपलेकडे निरखून पाहिलं. तिला पट्टा नव्हता. पण ड्रायव्हर माणूस, दुसऱ्याची गाडी बंद पडली तर हसायचं नाही हा त्याचा नियम.

शेवटी मीच त्याला म्हापशाला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. तरुण बाई होती. गोळी कशी घेता, म्हणून तिने खोदून खोदून विचारलं.

"नुसत्या पाण्यावांगडा. चाय मागीर, बऱ्याच वेळान," मामा म्हणाला. "बदलीक पण गाडी ताब्यात घेवक वेळ दिवक व्हयो मगे."

"अगदी बरोबर घेता तुम्ही. रिपोर्टही छान आहे."

"रिपोर्टाक माजो नमस्कार सांगा," मामा म्हणाला. "माका काय तितका छान वाटणा नाय."

बाई हसली, आणि मग तिने पेन खाली ठेवलं. "मामा, गोळी नीट घेऊन, रिपोर्ट ठीक असूनही काही जणांना त्रास राहतो. ते खोटं नसतं. दुसरं काही कारण सापडतंय का, बघू या आपण. रक्त कमी आहे का, जीवनसत्त्वं, झोप. फक्त गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही."

'ते खोटं नसतं' हे वाक्य मामाने बक्षिसासारखं घरी आणलं. पोदेर पाव घेऊन आला, त्याला सांगितलं. मासळीवालीला सांगितलं. मामीला तर जेवताना, वाढण्याआधी आणि वाढल्यावर सांगितलं. तपासण्यांत थोडं रक्त कमी निघालं, औषध सुरू झालं, दुपारची झोप जराशी हलली. खांदे मात्र तसेच राहिले.

आणि चवथ आली.

चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, आंबाडे, रानात मिळेल ते ते बांधतात. ती माटोळी. स्टुलावर उभं राहून, दोन्ही हात वर धरून, गाठीमागून गाठ. आमच्याकडे हे काम मामाचं. दुसऱ्या कोणी त्या चौकटीला हात लावलेला मला आठवत नाही.

त्या वर्षी मामा स्टुलावर चढला. एक नारळ बांधला आणि त्याचे हात आपोआप खाली आले. त्याने ते पुन्हा वर नेले. पुन्हा खाली आले.

"दत्ताक बांधूंदे हो!" स्वयंपाकघरातून मामी ओरडली. "इतको तो मोठो जावन बसलो हा!"

मी पुढे झालो. मामा खाली उतरला, खुर्चीत बसला आणि हळूच म्हणाला, "चवथीक सगळे आपापल्या घराक जातत. तेंका पावयता कोण? ड्रायव्हर. पोरां झाली, शाळेत गेली, तापान फणफणली, तेवा मी वास्कोच्या वाटेर. सगळा तुज्या मामीनच निस्तारला. ह्या घरात माजा म्हणान काय असा तर ही माटोळी. आदल्या दिसा धावत येवन तितकी बांधी. ती पण तुका दिलंय तर मी हंय कोण? पावणो?"

स्वयंपाकघरात नारळ खवण्याचा आवाज थांबला होता.

मामा चौकटीकडे बघत म्हणाला, "चौकट खाली काड."

आम्ही ती उतरवून दोन बाकांवर आडवी ठेवली. आता हात वर धरायला नको. मामा खुर्चीत बसून बांधू लागला. एक घोस, मग विसावा. एक कवंडळ, मग विसावा. "पयल्या गेरात घाटी चढतंय," असं मला डोळा मारून सांगितलंसुद्धा. आणि दुपारी केव्हातरी, हातात दोरी तशीच धरून, हनुवटी छातीवर टेकवून तो झोपला.

उन्हं कलली. अर्धी चौकट रिकामी. सकाळी गणपती यायचा. मी आवाज न करता आंबाड्यांचा घोस उचलला.

मनगटावर फटका बसला. पिठाच्या हातांनी मामी उभी होती.

"हात लावू नको."

"मामी, सांज होत आली. उरलेली मी पटकन..."

"तेंचा काम ता. जाग इली काय बांधतले."

ती खाली बसली आणि राहिलेली फळं ओळीने मांडू लागली. दोऱ्यांचा गुंता सोडवून एकेक सरळ करून ठेवली. संध्याकाळचा पोदेर भोंपू वाजवत आला, तशी अंगणात धावली आणि लांबूनच हात हलवून तिने त्याला गप्प केलं.

मामा दचकून जागा झाला तेव्हा घरात दिवे लागले होते. त्याने रिकाम्या चौकटीकडे पाहिलं, मग चोरासारखं मामीकडे.

"माका... जरा डोळो लागलो."

आता तोफ सुटणार, म्हणून मी कान टवकारले.

"आंबाडे बांधूचे रवलेत," मामी म्हणाली, आणि दोरी त्याच्या हातात दिली.