नरसय्या मामांचा पंजा आणि माझा टायमर

नरसय्या मामा आमच्या घरी आले की आधी मिक्सरला हात लावतात, मग फ्रिजला, आणि त्यानंतर मला नमस्कार करतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांनी पस्तीस वर्षं जॉबर म्हणून काढली, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग चालू करून द्यायचे. आता निवृत्त होऊन आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. चालू यंत्रावर पंजा ठेवायचा, मान तिरकी करायची आणि निकाल द्यायचा. आमच्या फ्रिजचं बेरिंग गेल्याचं त्यांनी मला तीनदा सांगितलंय. फ्रिजला बेरिंग असतं का, हे मला ठाऊक नाही. मी भूगोल शिकवतो.

माझा दोष वेगळा. चाळिशीनंतर मला छंद लागू लागले. बोन्साय वाळलं, बासरी बायकोने माळ्यावर टाकली, आणि गेल्या उन्हाळ्यात, बाहेर बेचाळीस अंश असताना, मी एस्प्रेसोचं यंत्र आणलं. घरात सगळे चहावाले. पहिला कप नऊ सेकंदांत धो धो भरला. बायको घोट घेऊन म्हणाली, पाईपलाईनचं काम चालू आहे वाटतं. दुसरा कप मिनिटभर ठिबकत राहिला आणि कारल्यासारखा लागला.

जाणकार सांगतात, कॉफी पंचवीस ते तीस सेकंदांत उतरावी. मी मनात मोजू लागलो, पण सतराच्या आसपास कुकरची शिट्टी व्हायची आणि मी पुन्हा अकरावर यायचो. फोनवरचं घड्याळ लावायला गेलो तर फोन दुधाच्या पातेल्यात पडला. तेव्हा मला कळलं की यंत्राला चिकटणारा, पंप सुरू झाला की आपोआप चालू होणारा टायमर मिळतो. तो घ्यावा की नाही यावर मी पंधरा दिवस व्हिडिओ पाहिले. लग्न ठरवताना एवढा विचार केला नव्हता, हे बायकोने लक्षात आणून दिलं.

मामांना विचारलं, तर ते हसले. "टायमर कशाला सर? कान हाय की."

त्यांनी यंत्रावर पंजा ठेवला. पंप घरघरू लागला. मान तिरकी, डोळे मिटलेले. मग एक बोट वर झालं. मी बटण बंद केलं आणि चोरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सत्तावीस सेकंद. दुसऱ्या दिवशी सत्तावीस. तिसऱ्या दिवशी अठ्ठावीस, पण त्या दिवशी पावडर बारीक दळली गेली होती, आणि तेही त्यांनीच सांगितलं. कॉफी मात्र कधी प्यायले नाहीत. यंत्र झकास, माल बेकार, असं त्यांचं मत.

माणसाने खुश व्हावं की नाही? मी चिडलो. डबल एम.ए. झालेला माणूस आपल्या स्वयंपाकघरात जॉबरच्या बोटावर चालतोय. त्याच रात्री टायमर मागवला.

टायमर आला, चिकटला, सत्ताविसावर लावला. मामांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी पंजा ठेवला, पंप सुरू झाला, आकडे पळू लागले. सत्ताविसाला टायमर असा किंचाळला की मागच्या अंगणात कपडे वाळत घालणारी बायको काय वाजतंय म्हणून आत आली. मामांचं बोट त्यानंतर क्षणभराने वर झालं. मी विजयी चेहऱ्याने म्हणालो, "मामा, आधी टायमर वाजला."

"कुटं वाजला?" ते म्हणाले.

मी पुन्हा वाजवून दाखवला. ते टायमरकडे पाहत राहिले, जसा आमचा शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी नकाशाकडे पाहतो. मग खुर्चीत बसले. मागांच्या खडखडाटात पस्तीस वर्षं गेली, म्हणाले. जाड आवाज कळतो, तुमचा कळतो, पंपाचा हाताला कळतो. "बारीक आवाज गेला सर. आणि माझ्या नातीचा आवाज लई बारीक हाय."

नात हैदराबादला, पाच वर्षांची. दर रविवारी फोन करते. मामी होत्या तोवर त्या ऐकून सांगायच्या. मामींना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मामा फोन कानाला लावतात, अंदाजाने हं हं म्हणतात आणि ठेवून देतात. मुलीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती तिकडे येऊन राहा म्हणेल.

टायमर घ्यावा का, असं मला अजून कोणी कोणी विचारतात. हात रिकामा असेल तर फोनवरचं घड्याळ पुरतं, असं मी सांगतो. माझा टायमर मी पंधरा दिवसांत काढून ठेवला.

नातीचं सांगितल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मामा फोन घेऊन खाली आले. मी स्पीकर लावला. पलीकडून चिमणीसारखं काहीतरी आलं. मला तेलुगू येत नाही, त्यामुळे जसं ऐकू आलं तसं, वर्गात नद्यांची नावं सांगतो त्या खणखणीत आवाजात, मी म्हटलं, "तातय्या, एप्पुडु वस्तावु?"

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. मामा हसले नाहीत.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"आजोबा, कवा येणार, म्हणतीय." त्यांनी माझ्या दंडावर पंजा ठेवला. "परत म्हणा सर."

"ऐकू नाही आलं का?"

"आलं की," ते म्हणाले. "परत म्हणा."