खांबेटेकाकांचं कार्टून

लोकांना हसण्यापासून रोखणारा विनोदप्रेमी मी आयुष्यात एकच पाहिला: आमचे खांबेटेकाका. पडद्यावर काही गमतीदार घडायला लागलं आणि पाहुण्याच्या तोंडून चुकून 'खी' निघालं, की काका हात वर करतात. "थांब. अजून विनोद झालेला नाही."

काका इथे जर्मनीतल्या येना शहरात तीस वर्षं भिंगं घासून निवृत्त झाले. एका फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे रविवारच्या जुन्या बाजारात, त्यांना कधीकाळी एक रीळ मिळालं. काळंपांढरं, सहा मिनिटांचं, आपल्या आजोबांच्याही आधीचं कार्टून. एका नाट्यगृहात जनावरं एकामागून एक खेळ करून दाखवतात. कुत्रा पियानो वाजवतो, मांजर गाते, बोकड टोपीतून ससा काढायला जातो आणि ससाच बोकडाला टोपीत कोंबतो. प्रेक्षकांतही जनावरंच. खेळ आवडला नाही की ती टोमॅटो फेकतात. यापलीकडे त्यात कथानक नाही. काकांच्या मते यापलीकडे जगात कला नाही.

येनात नवीन आलेल्या मराठी विद्यार्थ्याला तीन गोष्टी चुकत नाहीत: आनमेल्डुंग (म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी), आरोग्यविमा आणि खांबेटेकाका. पहिल्या दोन्हींचं टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळता मिळत नाही. तिसऱ्याचं स्टेशनवरच मिळतं.

"रविवारी चहाला ये," एवढंच काका म्हणतात. चहा असतोही, पण नंतर. आधी पडदे ओढले जातात, उंचीनुसार खुर्च्यांवर बसवलं जातं आणि प्रोजेक्टर सुरू होतो. त्याचा आवाज केव्हाच गेलाय. आयुष्यभर यंत्रांशी खेळलेला हा माणूस तो दुरुस्त करत नाही. आवाज स्वतःच काढतो. इस्त्रीची पँट घातलेला पासष्टीचा गृहस्थ मांजरीच्या गळ्यातून तान घेतो, तेव्हा हसावं की डॉक्टरला बोलवावं, कळत नाही. हसायला तर परवानगीच नसते.

एकदा खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लेमान रविवारची शांतता मोडल्याची तक्रार घेऊन वर आल्या. "आल्झो, तर तुमची उंची मध्यम," असं म्हणत काकांनी त्यांना दुसऱ्या रांगेत बसवलं. बाई पुन्हा तक्रारीला आल्या नाहीत. जिन्यात काका दिसले की त्या परत दारात शिरतात.

माझी स्वतःची सात वेळा हजेरी झाली. शेवटी बायको म्हणाली, "अरे, इंटरनेटवर आवाजासकट असेलच की. त्यांना नेऊन दे, म्हणजे सगळे सुटतील." खरंच सापडलं. स्वच्छ चित्र, पूर्ण वाद्यवृंद. परोपकाराच्या आविर्भावात मी लॅपटॉप घेऊन पोचलो.

काकांनी ते शांतपणे पाहिलं. हात एकदाही वर गेला नाही. चौथ्या मिनिटाला झगा घातलेलं एक शहामृग नाचत आलं, तेव्हा ते पुढे वाकले.

"हे गप्प का?"

"काका, मूळ फिल्ममध्ये ते गप्पच आहे."

"असं कसं? ते बदकासारखं ओरडतं."

"शहामृग?"

"हो, शहामृग!" काका चिडले. मग लॅपटॉपकडेच बघत म्हणाले, "आमची ईशा ओरडायची. काकूंची दुपारपाळी असायची, घरी आम्ही दोघंच. मी मराठीत काही विचारलं, की पोरगी उत्तर जर्मनमध्ये द्यायची. आणि माझं जर्मन ऐकून हसायची. मग हे लावायचो. यात बोलावं लागत नाही ना. कुत्रा, मांजर, बोकड माझे. शहामृग तिचं."

ईशा आता हॅम्बुर्गला असते. काकूंच्या माघारी ती नाताळात दोन दिवस येते. एरवी काकांनी फोन केला, की "श्पेटर, पापा," म्हणजे नंतर. त्यानंतरचं नंतर बहुधा येत नाही.

मी लॅपटॉप मिटला. काका उठले, पडदे ओढले, रीळ चढवलं. कुत्र्याचा पियानो झाला, मांजरीची तान झाली, बोकड टोपीत गेला. शहामृग आलं आणि दर वेळेसारखी खोलीत फक्त प्रोजेक्टरची घरघर उरली.

मी घसा साफ केला आणि ओरडलो, "क्वाक!"

काका पडद्याकडेच बघत म्हणाले, "थोडं वरच्या पट्टीत. ती सात वर्षांची होती."