गेला, गेला, येसाजी गेला!

"आठ दिवसांत विंटेज गॅरेज रॉक पद्धतीची अख्खी दहा गाणी लिहून दाखवतो!" असं मी वैशालीला ठणकावून सांगितलं, तेव्हा ती गवार मोडत होती. तिने मानही वर केली नाही.

"गॅरेज? आपल्याकडे तर स्कूटरसुद्धा नाही."

माझी बायको अशी आहे! पण मी डगमगणारा माणूस नव्हे. तुम्ही कधी महाडच्या एसटी स्टँडवर उभे राहिला असाल, तर माझा आवाज तुमच्या कानावरून नक्की गेलाय. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! महाड-पोलादपूर-उमरठ मुक्कामी गाडी फलाटावर लागत आहे!" तो मी. सुहास. तीस वर्षं मी गाड्या पुकारल्या आणि तीस वर्षांत एकाही माणसाने माझ्या शब्दावर शंका घेतली नाही. मी गाडी गेली म्हणालो की ती गेली. समोर उभी दिसत असली तरी लोक उसासा टाकून बाकावर बसत!

पण त्याच्याही आधी मी गायक होतो. हे आमच्या घरात कुणी बोलत नाही.

मुश्ताकच्या वडिलांचे ट्रक होते. गांधारी नदीच्या अंगाला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. आम्ही विशीत होतो तेव्हा तिथे आमचा बँड होता. मुश्ताकच्या मामूने कुवेतहून आणलेली गिटार, एक ॲम्प्लिफायर, माझा गळा आणि येसाजीचं ऑइलचं रिकामं पिंप! येसाजी उमरठचा. गॅरेजमध्ये तो टायर खोलायचा आणि संध्याकाळी टायर खोलायच्या दोन लोखंडी टॉमी घेऊन त्या पिंपावर असा काही बसायचा, की पलीकडच्या झाडावरचे बगळे थेट लांबच्या सव नावाच्या गावात जाऊन उतरत! बँडचं नाव 'द गिअर बॉक्स'. ते नाव रंगवायला ट्रकवर 'हॉर्न ओके' लिहिणारा पेंटर बोलावला होता. त्याने सवयीने खाली 'बुरी नजर वाले'सुद्धा लिहून टाकलं. आम्ही ते तसंच ठेवलं.

मग एका गणेशोत्सवात आमचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला आणि येसाजी आलाच नाही. न सांगता, न विचारता उमरठला निघून गेला. पिंपाशिवाय आम्ही स्टेजवर उभे राहिलो. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो, की महाडात तेव्हा टोमॅटो स्वस्त होते.

बँड तिथेच संपला. मुश्ताक दुबईला गेला, मी एसटीत लागलो. उमरठची गाडी मी रोज पुकारली, पण त्या गाडीत एकदाही बसलो नाही.

यंदा मुश्ताक कायमचा परत आला. त्याची मुलगी नबीला पुण्यात ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेते. सुट्टीत आल्यावर माळा आवरताना तिला आमची जुनी कॅसेट सापडली. तिने ती ऐकली आणि धावतच आमच्याकडे आली.

"सुहासकाका! तुम्ही लोक गॅरेज रॉक करत होतात? अस्सल विंटेज?"

"नाही ग," मी घाबरून म्हणालो, "आम्ही तसले नव्हतो."

तिने समजावून सांगितलं. म्हणे जगात लोक मुद्दाम असा खरखरीत, फाटका आवाज काढायला धडपडतात. मोजके सूर, साधे शब्द, पत्र्याचा घुमारा आणि बेंबीच्या देठापासून आरडाओरडा! तिच्या मागोमाग आलेल्या मुश्ताकने खालमानेने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बेटा, आम्ही विंटेज नव्हतो ग. आमच्याकडे दुसरं काही नव्हतं."

पण पोरीने ठरवलंच होतं. नवी गाणी, जुनी पद्धत, त्याच गॅरेजात! तो जुना ॲम्प्लिफायर निघाला. दोन पुरांत बुडून वाळलेला. चालू केला तर त्यातून वरंध घाट चढणाऱ्या ट्रकसारखा आवाज आला. नबीलाने टाळ्या वाजवल्या. "हा खरखराट, हा फझ लोक विकत घेतात, काका!"

आता गाणी लिहायची जबाबदारी माझी. मी पहिलं गाणं लिहिलं, 'हे चंद्रिके, तव मृदुल पावली.' नबीलाने ते वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, यात राग कुठंय? गॅरेज रॉकला राग लागतो. तुमचा कुणावर राग आहे?"

मी विचार केला. "वीजमंडळावर."

"तसा नाही! आतला! जुना! ठसठसणारा!"

मी मुश्ताककडे पाहिलं. मुश्ताकने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो, "येसाजी!"

मग काय! गाणं मी लिहिलंच नाही, ते आपोआप आलं. उलटी यावी तसं!

गेला, गेला, येसाजी गेला!
न सांगता, न विचारता येसाजी गेला!
भरला डाव मोडून गेला,
आम्हाला मागे सोडून गेला,
गेला, गेला, येसाजी गेला!

मुश्ताकने गिटारवर असा हात मारला, की पत्र्यावरची घूस खाली पडली. आम्ही गात होतो आणि मला सांगायला लाज वाटते, पण आम्ही विशीतले झालो होतो! माझा गुडघासुद्धा दुखायचा थांबला. तेवढ्यात लाईट गेली. गिटार मुकी झाली. पण नबीला म्हणाली, "काका, थांबू नका, नुसता आवाज घेऊ मोबाईलवर." म्हणून मी एकटाच, सावकाश, घसा खर्जात नेऊन म्हणालो, "गेला... येसाजी गेला... न सांगता, न विचारता... येसाजी गेला..."

काय आवाज लागला होता! मला राहवलं नाही. घरी येऊन मी तो तुकडा आमच्या 'महाड आगार निवृत्त परिवार' या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'जुनी साथ. ऐकून कळवा.'

आणि काय प्रतिसाद हो! पटापट हात जोडलेली चित्रं यायला लागली. मी वैशालीला मोबाईल दाखवला. "बघ! लोक हात जोडतायत!"

"तुम्ही आता तरी थांबावं म्हणून असेल," ती म्हणाली.

मग मजकूर सुरू झाले. 'विश्वास बसत नाही.' मी लिहिलं, 'माझाही बसत नव्हता.' 'ऐकून डोळ्यांत पाणी आलं.' मी लिहिलं, 'धन्यवाद!' एकाने लिहिलं, 'फार मोठी हानी.' हा जरा खवचट वाटला, पण टीका पचवायला कलावंताचं पोट मोठं लागतं. मी त्यालाही धन्यवाद दिले. मग पोलादपूरच्या अरविंदने विचारलं. अरविंद आमचा जुना ड्रायव्हर, उमरठच्या गाडीवर त्याने निम्मी नोकरी काढली.

'अंतिम कधी?'

बरोबर आहे, हा तुकडा कच्चा होता! मी लिहिलं, 'उद्या दुपारी. मुश्ताकच्या गॅरेजात.'

'गॅरेजात का?'

'सगळं तिथेच सुरू झालं. जागा तीच हवी. सर्वांनी यावं. आवाज मोठा हवाय.'

'आम्ही गुलाल आणू की फुलं?'

आता तुम्हीच सांगा, नव्या गाण्याच्या मुहूर्ताला माणूस याहून काय वेगळं विचारेल? मी लिहिलं, 'दोन्ही!!'

दुसऱ्या दिवशी मी परीटघडीचा शर्ट घालून गॅरेजात गेलो, तर बाहेर ही गर्दी! सगळा आगार लोटला होता. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, तिकीट तपासणारे. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी नबीलाला हळूच म्हणालो, "बघ, शिस्त! गणवेश ठरवून आलेत." कुणी बोलत नव्हतं. मोठे कलाकार येतात तेव्हा अशीच शांतता पसरते, असं मला वाटलं. मी हसत हसत आत शिरलो. लोकांनी माझ्या हसण्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला आजही विसरता येत नाही.

अरविंद पुढे आला आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागला.

"सुहास, आणलाय कुठे त्याला?"

"कुणाला?"

"येसाजीला रे!"

"तो कशाला येईल? तो तर गेला."

अरविंद आणखी जोरात रडला. मग डोळे पुसून पिंपाशेजारी उभा राहिला आणि बोलू लागला. "मित्रांनो, उमरठची मुक्कामी गाडी म्हणजे शिक्षा होती. पण येसाजीच्या घरी कधी कुणी उपाशी झोपला नाही. ठमावहिनी चुलीवर भाकऱ्या थापायच्या आणि हा ताट वाजवून आम्हाला हसवायचा. मला ताप आला तेव्हा त्याने मला पाठीवर घेऊन डॉक्टरपर्यंत नेलं..."

आता कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला! मी मुश्ताककडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता.

"मुश्ताक, हे लोक..."

"हो."

"म्हणजे माझं गाणं..."

"हो! तू गात नाहीस रे, तू गाडी पुकारतोस! कोण अविश्वास दाखवणार?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण अरविंद थांबेना. आणि खरं सांगू? अरविंद जे बोलत होता ते मला ऐकायचंही होतं. येसाजी उमरठला काय करतो, हे मी इतक्या वर्षांत एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. आमच्या आगारातला प्रत्येक जण त्याच्या घरचं जेवला होता. मी सोडून.

"येसाजी कधी कुणाला वाकडा शब्द बोलला नाही," अरविंद गहिवरून म्हणाला.

"बोललो हाय!" मागून आवाज आला. "तुलाच बोललो व्हतो. माझं घोंगडं नेलंस ते आणून दे म्हणून!"

सगळे वळले. दारात येसाजी उभा! डोकं पांढरं, कमरेला बाक आणि शेजारी डोक्यावर पदर घेतलेली, डोळ्यांतून अंगार टाकणारी बाई. आमच्या एका कंडक्टरने किंकाळी फोडली आणि गुलालाचं पुडकं वर उडालं. एवढ्या पांढऱ्या कपड्यांचं काय झालं असेल, ते तुम्ही ताडाच!

"कंच्या मेल्यानं मारलान माझ्या नवऱ्याला?" ठमाबाई गरजल्या. "मुंबईचा दीर फोनवर रडतोय, गॅरेजात शेवटचं हाय म्हणून! मी सांगत्येय, हा काय समोर भाकर खातोय, तर मलाच म्हणतोय, वहिनी, धीर सोडू नको!"

सगळी बोटं माझ्याकडे वळली. मुश्ताकचंही बोट त्यात होतं.

मी हात जोडले. "वहिनी, ते गाणं होतं. गेला म्हणजे... आम्हाला सोडून गेला."

येसाजी माझ्याकडे बघत राहिला. "मी?"

"मग कोण? कार्यक्रमाच्या दिवशी! न सांगता! आम्ही टोमॅटो खाल्ले रे, येसाजी!" माझा आवाज चिरका झाला. गुलाल डोळ्यांत गेला होता, म्हणून पाणी आलं.

येसाजीने मान खाली घातली. उत्तर ठमाबाईंनी दिलं. एकदम मऊ आवाजात.

"माझ्या बापानं त्याच दिवशी बोलावलान व्हतं, भावजी. म्हणाला, पिंप सोड, नायतर माझी पोर सोड. आजच्या आज बोल."



"मंग तोंड कसं दाखवायचं तुमाला?" येसाजी पुटपुटला. "रोज वाटायचं, आज जाऊ, उद्या जाऊ. मंग तुझा आवाज ऐकायचो स्टँडवर. वाटायचं, हा अजून चिडलेला हाय."

"अरे, मी सगळ्यांनाच तसं पुकारायचो!"

मुश्ताक उठला. त्याने दोन टॉमी येसाजीच्या हातात दिल्या. येसाजीने ठमाबाईंकडे पाहिलं. सगळ्या आगाराने ठमाबाईंकडे पाहिलं.

"बघता काय?" त्या म्हणाल्या. "माझा बाप मेला आता. वाजव!"

आणि मग काय वाजलं म्हणता! पत्रे थरथरले, बगळे उडाले, पोटाला गुलाल माखलेले निवृत्त ड्रायव्हर 'गेला, गेला, येसाजी गेला' म्हणत नाचले आणि खुद्द येसाजी पिंप बडवत सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होता! महरुन्निसाभाभींनी, म्हणजे मुश्ताकच्या बायकोने, रडारड ऐकून दुखवट्याला आलेल्यांसाठी काळा चहा केला होता, त्यात घाईघाईने दूध ओतलं. नबीलाने सगळं ध्वनिमुद्रित केलं. मध्येच येसाजीने मला कोपराने ढोसलं, अगदी पूर्वी ढोसायचा तसं, आणि मी शब्द विसरलो.

नबीलाने ते गाणं इंटरनेटवर टाकलं. कुठल्या कुठल्या लोकांनी ऐकलं म्हणे. मी रोज सकाळी चष्मा पुसून प्रतिक्रिया वाचतो. परवा नाशिकच्या कुणा जाणकाराने सविस्तर लिहिलंय. 'अप्रतिम! गिटार जबरदस्त. पिंप तर लाजवाब, अस्सल विंटेज! फक्त मधून मधून एक काका ओरडतात, तेवढं काढता आलं तर बघावं.'

त्या प्रतिक्रियेला आतापर्यंत एकच बदाम आलाय. मी तपासलं. वैशालीचा आहे.