स्पेसबारचं ऑपरेशन

चूक माझी एवढीच, की मी कीबोर्ड बदलायचं ठरवलं. कॉम्प्युटर नव्हे, नुसता कीबोर्ड. आमच्या सतरा वर्षांच्या कॉम्प्युटरचा स्पेसबार अडकला होता. कितीही दाबा, खाली जायचा नाही. ऑफिसातल्या साहेबांच्या निरोपाचं भाषण मी घरी टाइप केलं, तर अख्खं भाषण म्हणजे एकच लांबलचक शब्द झाला. (साहेबांचं कर्तृत्व तेवढंच होतं, हा भाग वेगळा.)

"अहो, आधी उलटा करून झटकून तर बघा," बायको म्हणाली.

"यातलं तुला काही कळत नाही," मी म्हणालो. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला ते गिळायचं आहे.)

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला आमच्याकडे सगळे 'सर्जन' म्हणतात. रोगी सर्दीसाठी आला तरी तो पोट उघडल्याशिवाय सोडत नाही.

"काका, नव्या कीबोर्डची पिन चपटी असते. तुमच्या मशीनचं भोक गोल."

"मग?"

"मग मदरबोर्ड बदलू."

नवा मदरबोर्ड आला, तर जुनी रॅम त्यात बसेना. नवी रॅम आली, तर जुन्या हार्डडिस्कची वायर लावायला जागाच नाही. मग नवी हार्डडिस्क, तिच्या जोडीला नवा पॉवर सप्लाय, आणि सगळं मावेना म्हणून शेवटी नवा डबा. शर्टाचं बटण लावायला शिंप्याकडे जावं आणि नवा सूट शिवून यावं, तशी माझी गत झाली. वाचला फक्त माऊस, तोही मी मुठीत घट्ट धरून बसलो होतो म्हणून.

"जुन्यातलं काय काय ठेवायचं?" सर्जनने विचारलं.

"पत्रं आणि फोटो," मी ऐटीत म्हणालो. "बाकी सगळा कचरा."

घरी आणून बटण दाबलं. दहा सेकंदांत चालू! ना घरघर, ना खोकला. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. ती अजून कान देऊन उभी होती.

"आवाज?" ती म्हणाली.

आता त्या आवाजाबद्दल सांगायला हवं. मुलगी दुसरीत असताना तिने चिकट हात कीबोर्डला लावले म्हणून मी तिला रागावलो होतो. तिने सूड घेतला. माईकमध्ये ओरडून तिने स्वतःचा आवाज कॉम्प्युटरला लावून टाकला. तेव्हापासून तो सुरू झाला रे झाला, की सगळ्या घराला ऐकू जाई: "आईऽऽ, बाबा पुन्हा कॉम्प्युटरला बसलेऽऽ!" सतरा वर्षं माझी एकही चोरी लपली नाही. ती चहाडी एकदाची गेली, म्हणून मी तर मनातून खूशच होतो.

बायको स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. लग्नाला तीस वर्षं झाली की धुतलेली भांडी पुन्हा धुण्याचा अर्थ कळतो.

"अगं, झालं काय?"

"काही नाही. तुम्ही ऑफिसला गेलात की मी रोज एकदा लावत होते तो."

"तू? कॉम्प्युटर? कशाला?"

"ती 'आई' म्हणून हाक मारते ना. मग मी 'ऐकलं गं' म्हणते आणि बंद करते."

मुलगी आधी शिकायला, मग नोकरीला परगावी गेल्याला चार वर्षं झाली होती. म्हणजे चार वर्षं रोज सकाळी माझ्या घरात हा संवाद चालत होता आणि मला पत्ता नव्हता. मला एकदम भडभडून आलं. मी चपला पायात सरकवल्या आणि नवा डबा कडेवर घेऊन पळालो.

सर्जनच्या टेबलाखाली जुन्या भागांचं पोतं तोंड बांधून तयार होतं. "भंगारवाला येतोच आहे," तो म्हणाला.

"येऊ दे. हे घे तुझं नवं. माझं सगळं जुनं परत जोड."

"काका, जगात कोणी असं करत नाही!"

"मी करतो."

संध्याकाळी जुना डबा आपल्या जागी आला. बटण दाबलं. आधी घरघर, मग खोकला, मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग दुसरीतली पोर घरभर ओरडली, "आईऽऽ, बाबा पुन्हा कॉम्प्युटरला बसलेऽऽ!"

"ऐकलं गं," बायको म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मीही पुसले. (धूळ फार होती.)

स्पेसबार अर्थात अडकलेलाच होता. बायकोने केसातली पिन काढली, स्पेसबारखाली घातली आणि अलगद काहीतरी बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. चंद्रकोरीसारखं, पिवळट. पायाच्या अंगठ्याचं नख. माझ्याच.

"कॉम्प्युटरसमोर बसून नखं काढू नका, हे मी किती वर्षं सांगतेय?"

मी ते वाक्य गिळलं. स्पेसबार आता लोण्यासारखा चालतो. बायकोने ही हकिकत त्याच दिवशी कॉम्प्युटरपाशी बसूनच फोनवर मुलीला सांगितली. दोघी बराच वेळ हसत होत्या; मला वाटलं, प्रकरण मिटलं.

दुसऱ्या दिवशी भाषण नीट टाइप केलं आणि कॉम्प्युटर बंद केला. तर त्यातून मुलीचा आवाज आला, आताचा, चांगला भारदस्त:

"आईऽऽ, बाबा उठले! खाली नखं बघ!"

हा आवाज आत घातला कोणी, म्हणून मी बायकोकडे पाहिलं.

"यातलं मला काही कळत नाही," ती म्हणाली आणि केरसुणी माझ्या हातात दिली.