वाटेचा आकडा एक

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सिल्व्हासाजवळच्या सामरवरणीतल्या आमच्या सोसायटीच्या बी इमारतीसमोरून तावडे बाई व्हीलचेअरवर बसून बाहेर पडल्या. वय एकसष्ट. दोन्ही पाय शाबूत. आदल्या संध्याकाळीच त्या खानवेलकडची एक टेकडी चढून उतरून परतल्या होत्या आणि त्यांचे चिखलाने भरलेले बूट वॉचमन हिरालालने पाहिले होते.

हिरालाल नंदुरबारकडचा. तो खुर्चीमागे धावला.

"काय झालं बाई? पडल्या का काय?"

"पडले नाही. बसले आहे. फाटक उघड."

"ढकलू का?"

"हात लावलास तर मोजणी फुकट जाईल."

बाई अकरा वाजता परत आल्या तेव्हा दोन्ही तळहात काळे झाले होते. तोपर्यंत सोसायटीत तीन आजार पसरले होते: अर्धांगवायू, खुब्याचे हाड आणि वाढलेली साखर. दुपारी चार घरांतून फळे आली, एका घरातून खिचडी. फळे बाईंनी ठेवून घेतली. खिचडी खारट झाली आहे असे सांगून, त्याच व्हीलचेअरवरून, तळमजल्याच्या खिडकीत परत नेऊन दिली.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. या मजकुरातली बहुतेक माहिती जिन्यात मिळालेली आहे.

सुनंदा तावडे मूळच्या मालवणच्या. सिल्व्हासाच्या सरकारी मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षे भूगोल शिकवला. लग्न केले नाही. दहा वर्षांपूर्वी बोटीवर नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने त्यांना हातात मावणारे जीपीएस यंत्र आणून दिले. पिवळ्या रंगाचे, करड्या पडद्याचे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे. सेलचे झाकण आता रबरबँडने धरून ठेवलेले आहे. हेच काम फोन करतो असे बाईंना आजवर अनेकांनी सांगितले. बाईंचे उत्तर ठरलेले आहे: "फोन मला काय आवडेल ते सांगतो. हे यंत्र मी कुठे आहे ते सांगतं."

या यंत्रावर जो खेळ खेळतात त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. दुसरा कुणीतरी यंत्र घेऊन तिथे जातो, डबा शोधतो, आतल्या कागदावर सही करतो आणि डबा होता तसा ठेवून देतो. बक्षीस नाही. बाईंनी दादरा आणि नगर हवेलीत तेवीस डबे लपवले आहेत. रांध्याच्या एका बांधाखाली, वासोण्याच्या रस्त्यालगत सागाच्या ढोलीत, टेकड्यांवर, कड्यांच्या कपारीत. वासोण्याला सिंहांच्या उद्यानाबाहेर त्या झाडावर चढत असताना रखवालदाराने त्यांना हटकले होते.

"मॅडम, अंदर शेर है."

"असू दे. माझं काम बाहेरच्या झाडाशी आहे."

अंदाज हा शब्द बाईंना चालत नाही. "आकडा बोला," हे त्यांचे पालुपद. गॅसवाल्याने पत्ता विचारला तर त्या वीस अंशांपासून सुरुवात करतात. एकदा तो बिचारा म्हणाला, "बाई, मंदिराजवळ का?" बाई म्हणाल्या, "जवळ म्हणजे किती?" त्या महिन्यात सिलिंडर चार दिवस उशिरा आला. बाईंनी चार दिवस विजेच्या शेगडीवर जेवण केले, पण मंदिराचे नाव घेतले नाही. जागा दाखवताना यंत्राकडून तीन मीटरची चूक होऊ शकते. "ती यंत्राला माफ आहे, माणसाला नाही," असे त्या म्हणतात.

इथली एक अडचण नकाशात दिसत नाही. आपल्याकडे दारू मिळते आणि चार पावलांवर गुजरातेत बंदी आहे. त्यामुळे हद्दीजवळच्या झुडपांत बाईंच्याही आधीपासून लोक वस्तू लपवत आले आहेत. एकदा त्यांच्या डब्यात दोन बाटल्या निघाल्या आणि कागदाला टेकू म्हणून तिसरी. बाईंनी बाटल्या जागेवरच राहू दिल्या आणि चिठ्ठी लिहिली: "हा डबा सरकारी नाही. तुमचाही नाही. बाटल्या काढा, सही करा." आठवड्याने बाटल्या गेल्या होत्या. कागदावर सही होती: "सॉरी मॅडम. रमेश." ही सही मोजायची की नाही यावर बाईंनी दोन दिवस विचार केला आणि मोजली नाही. रमेश अक्षांश-रेखांशावरून आलेला नव्हता.

मोजण्याजोगी सही करणारा नऊ वर्षांत एकच माणूस नियमित आला. तो वापीच्या बाजूला कुठेतरी राहतो, मराठी लिहितो आणि 'खेकडा' या नावाने खेळतो. खरे नाव बाईंना माहीत नाही. त्यानेही तिकडे एकोणीस डबे लपवलेले आहेत. त्याने बाईंचे एक सोडून सगळे शोधले, बाईंनी त्याचे सगळे शोधले, आणि दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. जो काही संवाद झाला तो डब्यांतल्या कागदांवर. "सापडला. दोन तास लागले. काटे सात. खेकडा." त्याखाली बाईंच्या अक्षरात: "एवढ्या वेळात माझी सहावीची मुलं शोधून आली असती."

"तुम्ही त्यांना एकदा चहाला तरी बोलवा," मी म्हटले होते.

"कशाला? या खेळात भेटायचं नसतं. शोधायचं असतं."

गेल्या दिवाळीनंतर खेकड्याची एक नोंद आली. संकेतस्थळावर, खानवेलच्या टेकडीवरच्या डब्याखाली त्याने लिहिले होते: "सापडला नाही. अपघातानंतर आता चाकाच्या खुर्चीवर आहे. गाडीतून पायथ्यापर्यंत आलो, खालून खडक पाहिला. सही नाही." नऊ वर्षांत त्याची ही पहिली हार. बाईंनी ती जिन्यात मला वाचून दाखवली आणि रागावल्या.

"खालून पाहिला म्हणे! खडक काय पाहायचा असतो?"

त्यानंतर सात महिने खेकडा कुठेच दिसला नाही. बाईंच्या डब्यांवर नाही, दुसऱ्या कुणाच्या डब्यांवर नाही. त्याच्या स्वतःच्या डब्यांबद्दलही काही कळेना. बाई चिडल्या की मालवणी बोलतात. त्या दिवसांत वरच्या मजल्यावरून दोनदा आवाज आला: "खेकड्या, मेल्या, खंय गेलंस तू?" घरात दुसरे कुणी नव्हते.

या खेळात प्रत्येक डब्यासोबत वाटेचा आकडा द्यावा लागतो. एक ते पाच. पाच म्हणजे दोर किंवा होडी लागेल अशी वाट. एक म्हणजे चाकाच्या खुर्चीतून, न उठता, हात पोहोचेल अशी जागा. बाईंच्या तेवीस डब्यांत चाराखालचा एकही नव्हता. "सोपं शोधायचं असेल तर घरातला चष्मा शोधा," असे त्या सांगत. त्याच बाईंनी जूनमध्ये औषधांच्या दुकानातून व्हीलचेअर भाड्याने आणली.

"खेकड्यासाठी?" मी विचारले.

"छे! माझ्याकडे एकचा डबाच नाही. यादी अपुरी दिसते."

अपुरी यादी पुरी करायला त्यांनी तीन रविवार घालवले. पिंपळाच्या पारापाशी गटार आडवे आले. बसथांब्याला नऊ इंचांची पायरी होती. बागेच्या फाटकात गुरे अडवण्यासाठी लावलेले फिरते खांब होते. त्यांत बाई खुर्चीसकट वीस मिनिटे अडकल्या आणि सुटका करू पाहणाऱ्या दोन कामगारांना त्यांनी हाकलून दिले. "मी अडकले हेच तर लिहायचं आहे," असे त्यांचे म्हणणे. अकरा जागा बाद झाल्या. बारावी आमच्याच सोसायटीत निघाली. पाण्याच्या टँकरसाठी फाटकातून आत सिमेंटचा गुळगुळीत उतार केलेला आहे. त्याच्या कडेला, मीटरच्या पेटीमागे, खुर्चीतून हात बरोबर पोहोचतो.

तिथे डबा ठेवायला सोसायटीची परवानगी लागणार होती. अध्यक्ष प्रवीणभाई, धाग्याचे व्यापारी. सभा पार्किंगमध्ये भरली.

"बेन, आ सोसायटी छे, धर्मशाळा नथी," प्रवीणभाईंनी सुरुवात केली. मग सगळ्यांना कळावे म्हणून ते मराठीत आले. "अजाण्या माणूस गेटमधून येणार, डबा खोलणार, जाणार. कोण जवाबदार?"

"मी."

"अने व्हीलचेअरवाला आपल्याकडे कोणी राहतच नाही. मग जरूर काय?"

"राहत नाही, कारण राहू शकत नाही. बसा."

"क्यां?"

"खुर्चीत. इथून तुमच्या लिफ्टपर्यंत जाऊन दाखवा. मी डब्याचं नाव काढणार नाही."

हिरालालने खुर्ची पुढे आणली. प्रवीणभाई हसत बसले. गतिरोधकावर त्यांचे हसणे थांबले. इमारतीच्या दाराशी पायऱ्या आल्या. त्यांनी तीन वेळा प्रयत्न केला.

"कोई धक्को मारो ने!"

"धक्का नाही," बाई म्हणाल्या. "आकडा बोला. किती पायऱ्या?"

"बे."

"किती वर्षं चढताय?"

"चौदा."

"कधी मोजल्या होत्या?"

प्रवीणभाई खुर्चीतून उठले, दोन पायऱ्या चढले आणि परत उतरले. परवानगी एकमताने मिळाली. अट एकच: डब्यात काय असेल ते लेखी द्यायचे. बाईंनी लिहून दिले: कागद एक, पेन्सिल एक, दमट हवा शोषणारी पुडी एक. पायऱ्यांशेजारी उतार बांधायचा ठरावही त्याच सभेत झाला. तो उतार अद्याप झालेला नाही.

डबा संकेतस्थळावर आला. बाईंनी त्याच्या माहितीत एकच ओळ लिहिली: "उठू नये." मग वाट पाहणे सुरू झाले, जरी बाईंना हा शब्द मान्य नव्हता. त्या फक्त दिवसातून दोनदा पुडी तपासायला खाली जात. स्वयंपाकघरातले त्यांचे स्टूल बाल्कनीत आले. तिथे हवा बरी असते, असे कारण देण्यात आले. पंधराव्या दिवशी त्या जिन्यात माझ्यापाशी थांबल्या.

"माणूस बरा नसेल तर त्याचं पान संकेतस्थळावर तसंच राहतं का हो? म्हणजे, कुणी बंद करत असेल ना?"

मला माहीत नव्हते. मी तसे सांगितले.

एकोणिसाव्या दिवशी, गुरुवारी, अकरा वाजून पाच मिनिटांनी गुजरात पासिंगची एक करडी व्हॅन फाटकाबाहेर थांबली. ड्रायव्हरने मागून खुर्ची उतरवली. खुर्चीत सत्तरीचे गृहस्थ, डोक्यावर टोपी, गळ्यात यंत्र. दाखवायचे नाही आणि ढकलायचे नाही, अशी हिरालालला बाईंची ताकीद होती. गृहस्थांनी आधी कुंड्या पाहिल्या, मग पंपाची खोली, मग मीटरची पेटी. डबा मांडीवर घेऊन ते बराच वेळ लिहीत होते.

मी वर जाऊन बाईंचे दार वाजवले.

"ते आलेत. खाली चला."

"दिसलं मला. आणि जोरात बोलू नका."

त्या पडद्यामागे उभ्या होत्या. व्हॅन निघून गेल्यावर त्या खाली उतरल्या, मीटरच्या पेटीमागून डबा काढला आणि तिथेच उभ्याने वाचू लागल्या. नंतर कागद माझ्या हातात दिला.

"सापडला. सहा मिनिटे. उठलो नाही. हे उपकार समजत नाही, म्हणून उत्तर देतो. माझा नवा डबा मधुबनच्या जलाशयात आहे. दुधनीच्या धक्क्यापासून आत, अर्ध्या बुडालेल्या झाडाच्या ढोलीत. वाटेचा आकडा पाच. होडी लागते. होडीत सगळे बसूनच असतात. डब्याची देखभाल मालकाने स्वतः करायची हा नियम आहे, तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिथे जातो. खेकडा."

"शहाणा!" बाई म्हणाल्या. "पाचाचा लपवतो मला! मेल्याला वाटलं, मी घाबरेन."

त्या दोन जिने चढल्या. माझ्या दाराशी थांबल्या.

"घाबरतेच मी. मालवणची असून होडीत पाय ठेवलेला नाही. हे छापू नका."

"मग जाणार नाही?"

"जाणार नाही? का जाणार नाही? दुसऱ्या रविवारी जाईन. पहिल्या रविवारी तो असतो."

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाई फाटकातून बाहेर पडल्या. कुठे निघालात, असे हिरालालने विचारले. बाईंनी यंत्राचा रबरबँड ताणून पाहिला आणि रस्त्याला लागल्या. संध्याकाळी साडेपाचला त्या परतल्या. सलवार गुडघ्यापर्यंत ओली होती. दुधनीच्या डब्याखाली त्यांची नोंद त्या दिवशी आली नाही. ती सोमवारी सकाळी आली: "सापडला. दोघे होतो."