रंगोपंतांची बिनकामाची पवनचक्की

एका जंगलात रंगोपंत नावाचे एक साळिंदर राहत होते. जंगल कुठले, ते विचारू नका. फार विचारणाऱ्या मुलांना गोष्ट अर्धी सांगून झोपायला पाठवतात.

रंगोपंत सिंहमहाराजांच्या दरबारात डरकाळी खात्यात नोकरीला होते. महाराजांनी डरकाळी फोडली की वहीत नोंद करायची. केव्हा फोडली, कोणावर फोडली, किती वेळ चालली. शेवटचा रकाना होता 'कारण'. आता मुलांनो, सिंहाला डरकाळी फोडायला कारण लागते का? अजिबात नाही. पण रकान्याला लागते. म्हणून रंगोपंत तिथे सुवाच्य अक्षरात लिहीत, 'जनहितार्थ'. असे त्यांनी तीस वर्षे लिहिले.

निवृत्त झाल्यावर रंगोपंत आठ दिवस नुसते बसून राहिले. नवव्या दिवशी त्यांना वाटले की आता एक तरी गोष्ट अशी करावी, जिच्यात जनहित औषधालासुद्धा सापडणार नाही. ती नुसती छान दिसेल. आपण समोर बसून बघू. संपले.

"मी बागेत लावायला लाकडी पवनचक्की करणार आहे," त्यांनी बायकोला सांगितले.

"करा," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण भुसा घरात आणू नका."

मग घरामागच्या पडवीत रंगोपंतांनी कारखाना थाटला. करवत आली, रंधा आला, पटाशी आली, काटकोन बघायला गुण्या आला. कानस आणायची राहिली, पण साळिंदराच्या तोंडात ती देवानेच बसवून दिलेली असते. मोडक्या पाळण्याचे सागवानी दांडे चक्कीच्या मनोऱ्याला झाले. पात्यांसाठी त्यांनी पांगाऱ्याचे लाकूड घेतले, कारण ते हलके असते. मधल्या आसाला एरंडेल चोळले.

पाती आसावर जरा तिरकी बसवावी लागतात, आणि चारही एकाच बाजूला तिरकी. रंगोपंतांनी पहिल्या खेपेला दोन इकडे कलती बसवली आणि दोन तिकडे. वारा आला. चक्की जागच्या जागी थरथरत उभी राहिली. एका घरात दोन कर्ते असले की ते घरही असेच उभे राहते.

ते दुरुस्त केले, तर नवेच लचांड निघाले. चक्की थांबली की दर वेळी एकच पाते खाली येऊन थांबायचे. ते बाकीच्या तिघांपेक्षा चिमूटभर जड होते. रंगोपंत ते कुरतडायचे, फिरवून बघायचे, पुन्हा कुरतडायचे. आठ दिवस हेच. जेवायला हाक मारली तरी 'आलो, आलो' म्हणायचे आणि यायचे नाहीत. शेवटी एका सकाळी चक्की कुठेही थांबायला लागली. चारही पाती बरोबरीची झाली होती.

त्या सकाळी रंगोपंत पडवीत एकटेच रडले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून काहीतरी खरे झाले होते.

चार पात्यांना समोरून चार रंग दिले. एक हळदीचे, एक निळीचे, एक पळसाच्या फुलांचे, एक मेंदीच्या पाल्याचे. मागच्या बाजूला रंग पुरला नाही. मागून कोण बघणार होते? अबोलीच्या वाफ्याजवळ चक्की उभी केली आणि वारा सुटला. चारही रंग एकमेकांत मिसळले आणि हवेत एक झळझळीत कडे तयार झाले. रंगोपंत चहाचा पेला घेऊन समोर ओंडक्यावर बसले. चहा निवून गेला.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण कुंपणापलीकडे अप्पा रानडुक्कर राहत होते.

"पंत, हे काय काढलंत?"

"पवनचक्की."

"दळण निघतं?"

"नाही."

"मग विहिरीचं पाणी चढतं?"

"नाही हो."

"अच्छा, पाखरं हाकलायला!"

"पाखरं उलट वर येऊन बसतात."

"मग करते काय?"

"फिरते."

"आणि?"

"आणि छान दिसते."

अप्पांनी द्वारकाबाईंना बाजूला बोलावून हळूच विचारले, "वहिनी, पंतांना रात्री झोप लागते ना?"

बातमी पसरायला वेळ लागत नाही. नदीपलीकडे ती पोचली तेव्हा तिचे असे झाले होते की रंगोपंतांनी काहीतरी भयंकर यंत्र केले आहे आणि उपयोग विचारला तर सांगत नाहीत. म्हणजे उपयोग नक्कीच मोठा असणार.

आणि मग तरससाहेब आले. हे तरस म्हणजे दरबारातले उपयोग-नोंद निरीक्षक. जंगलातल्या प्रत्येक वस्तूचा उपयोग त्यांच्या वहीत लिहिलेला असे. तरसांना बोलताना मधेमधे हसू फुटे. ती त्यांची जातच आहे, त्यात आनंद काही नसतो. पण त्यामुळे ते दम देताहेत की विनोद करताहेत, हे कोणाला कधी कळत नसे.

"पंत, ही वस्तू वहीत नाही," तरस म्हणाले. "हीहीही! तीन दिवसांत उपयोगाचा फॉर्म भरा. नाहीतर चक्की मोडून सरपणात जमा."

"पण हिचा उपयोगच नाही. तसं लिहू?"

"तसं कसं लिहाल? रकाना उपयोगाचा आहे. उपयोग नसल्याचा रकाना नाही."

"मग कोरा सोडतो."

तरसांनी पहिल्यांदाच हसणे थांबवले. ते जवळ आले आणि आपुलकीने म्हणाले, "पंत, तुम्ही जुने माणूस. तुम्हाला मी काय सांगायचं? खोटं चालतं. कोरं चालत नाही."

दोन दिवस रंगोपंत फॉर्म समोर ठेवून बसले. अप्पांनी कुंपणावरून मदत केली. "लिहा की, डास पळवते! लिहा, दृष्ट लागत नाही! आमच्या मेव्हण्याने दगडाचा उपयोग 'बसणे' लिहिला. पास झाला." रंगोपंतांनी नकारार्थी मान हलवली. ही एक वस्तू त्यांना खोट्यापासून लांब ठेवायची होती. एवढीच त्यांची इच्छा होती, आणि मुलांनो, ती काही फार मोठी नव्हती.

तिसऱ्या दिवशी तरस आले. बरोबर कुऱ्हाडी घेतलेली दोन माकडे होती. एका माकडाने आल्या आल्या हळदीच्या पात्याला कुऱ्हाड लावून धार बघितली.

"अहो, लिहा काहीतरी!" द्वारकाबाई ओरडल्या. "तीस वर्षं लिहिलंत ना? मग आजच हात का अडला?"

हात अडला नाही. तेच तर झाले. रंगोपंतांनी लेखणी घेतली मात्र, आणि हात आपणहून चालू लागला. सुवाच्य अक्षरात त्याने लिहिले, 'वारा निर्माण करणे. जनहितार्थ.'

तरसांनी शिक्का मारला. माकडे कुऱ्हाडी खांद्यावर टाकून परत गेली. द्वारकाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. रंगोपंत पुन्हा ओंडक्यावर जाऊन बसले. एका ओळीच्या बदल्यात चक्की वाचली, सौदा काही वाईट नव्हता, असे त्यांनी स्वतःला समजावले.

हे सुख चैत्रापर्यंत टिकले.

चैत्रात असा उकाडा झाला की महाराजांना गुहेत बसवेना. बाहेर यावे तर ऊन, आत जावे तर कोंडलेली हवा. महाराजांनी चार डरकाळ्या फोडल्या, जनहितार्थ. मग विचारले, "या जंगलात वारा कोण करतं?"

तरसांनी वही उघडली. वहीत वारा करणारी वस्तू एकच होती.

संध्याकाळच्या आत माकडांनी चक्की उपटली, मिरवत नेली आणि गुहेत नेऊन महाराजांच्या आसनासमोर उभी केली. मागोमाग रंगोपंत धापा टाकत पोचले.

चक्की ढिम्म उभी होती.

"ही फिरत का नाही?" महाराजांनी विचारले.

"महाराज, इथे आत वारा नाही."

"वारा असता तर तुझी चक्की कशाला आणली असती?"

रंगोपंतांनी हात जोडले. "महाराज, खरं सांगू का? ही वारा करत नाही. वाऱ्याने ही फिरते. नुसती शोभेची आहे. माझी चूक झाली."

तरसांना हसू फुटले. "हीहीही! म्हणजे नोंद खोटी? पंत, नोंद खोटी नसते. वस्तू नोंदीप्रमाणे वागत नसेल तर वस्तूला वळण लावायचं. आणि अक्षर कोणाचं आहे हे?"

अक्षर रंगोपंतांचे होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. महाराजांनी नुसता जबडा उघडला. तो डरकाळीसाठी होता की जांभईसाठी, हे बघायला रंगोपंत थांबले नाहीत. ते चक्कीच्या मागे गेले, आस दोन्ही पंजांत धरला आणि फिरवू लागले.

आता गंमत अशी, की काम चोख होते. पाती तोलात होती, कल बरोबर होता, एरंडेल मुरले होते. दहाव्या फेऱ्याला गुहेत झुळूक आली. विसाव्या फेऱ्याला महाराजांची आयाळ हलली. महाराजांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "अहाहा."

दुसऱ्या दिवशी रंगोपंतांचा सत्कार झाला. शाल खांद्यावर घालताच काट्यांनी तिच्या चिंध्या झाल्या, तरी टाळ्या थांबल्या नाहीत. नारळ मिळाला. त्याहून मोठे म्हणजे पुन्हा नोकरी मिळाली. नवे वायू खाते निघाले. त्यात एकच पद होते आणि ते रंगोपंतांचे होते. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, बसून फिरवणे.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पण पुढे तर मारुतीची शेपटीही वाढत गेली.

जंगलात कुठेही वारा सुटला की लोक म्हणू लागले, "आज पंतांनी जोर लावलाय." वैशाखात वावटळ आली आणि अप्पांच्या घरावरचे छप्पर उडाले. अप्पांनी लेखी तक्रार केली, 'काल जरा अतिरेक झाला. शेजारधर्म तरी आठवायचा.' घोरपडींच्या महिला मंडळाचा अर्ज आला की मंगळवारी दुपारी वारा पश्चिमेकडे सोडावा, पापड वाळत घालायचे आहेत. योगायोगाने त्या मंगळवारी वारा पश्चिमेकडे वाहिला. मंडळाने आभाराचे पत्र पाठवले. त्यानंतर रंगोपंतांचे खरे कोणीच ऐकले नाही. ते सांगायला लागले की लोक म्हणत, "पंत फार नम्र हो!"

द्वारकाबाईंनासुद्धा संशय येऊ लागला. त्यांनी एकदा जेवताना विचारले, "अहो, खरंच तुम्ही करत नाही ना?"

पण रंगोपंतांना टोचत होते ते वेगळेच. चक्की बघायला आता रांग लागत होती. आया पिल्लांना कडेवर घेऊन गुहेशी येत. समोर उभ्या राहत आणि म्हणत, "बघ, बघ, कसं रंगीत कडं दिसतंय! किती सुंदर!" आणि रंगोपंत मागे बसलेले. त्यांच्यापुढे होते बिनरंगाचे, कोरे लाकूड. ज्याच्यासाठी त्यांनी हा सगळा खटाटोप केला, तेवढे सोडून बाकी सगळे त्यांना मिळाले होते. त्यांना चक्कीची फार आठवण येई. ती त्यांच्या हातातच होती, तरी येई.

शेवटी त्यांनी अर्ज केला. 'चक्की समोरून बघण्यासाठी अर्ध्या तासाची रजा मिळावी.'

रजा मंजूर झाली. रंगोपंतांनी आस सोडला, पंजे पुसले आणि मोठ्या उत्साहाने वळसा घालून समोर आले. चारही पाती आपापल्या रंगात लख्ख दिसत होती. आणि चक्की उभी होती. फिरवणारा रजेवर होता ना!

"तरससाहेब, दोन मिनिटं जरा तुम्ही फिरवता का?"

"हीहीही! मी? पंत, पद एकच मंजूर आहे. दुसऱ्या कोणी फिरवली तर तो वारा अनधिकृत होतो."

"मग आमच्या हिला बोलावू? ती फिरवेल."

"घरच्यांना वाऱ्यात घुसवलंत तर चौकशी लागेल."

रंगोपंत उभ्या चक्कीकडे बघत राहिले. ते कडे कसे दिसायचे, ते डोळे मिटून आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. हळदीपर्यंत आठवले. तेवढ्यात महाराजांना घाम फुटला आणि ते जागे झाले.

"रंगोपंत, वारा का बंद? तू पुढे काय करतोयस?"

"बघतोय, महाराज."

"काय बघतोयस?"

"माझी चक्की."

महाराज मनाने वाईट नव्हते. उकाड्यातही त्यांनी क्षणभर विचार केला. "अरे, मग बघ की! तुझी आहे, तुला कोण नाही म्हणतं? फक्त फिरवता फिरवता बघ."

रंगोपंत मागे गेले. त्यांनी आस धरला आणि फिरवायला सुरुवात केली. झुळूक आली. महाराज उशीला टेकले, चार रंगांच्या त्या कड्याकडे कौतुकाने बघत राहिले आणि म्हणाले, "रंगोपंत, खरं सांगतो, हे जरी काही उपयोगाचं नसतं ना, तरी मी ठेवून घेतलं असतं!"

तात्पर्य : मुलांनो, कोणतेही काम मन लावून करू नये. मन लावून केलेली वस्तू कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडतेच, आणि उपयोगी पडलेली वस्तू आपली राहत नाही. म्हणून जी आपल्याच अंगणात राहावी असे वाटते, तिचे एक पाते मुद्दाम जड ठेवावे. आणि तेवढे धैर्य नसेल, तर निदान मागच्या बाजूलाही रंग द्यावा.