नमुन्याची सही

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत साळवेकाकांची बेल वाजवली की आतून आधी "कोण?" असा प्रश्न येतो. आपण नाव सांगतो. मग दुसरा प्रश्न येतो, "कशावरून?" इतकी वर्षं समोरच्या दारात राहूनही याचं त्यांना पटेल असं उत्तर मला देता आलेलं नाही.

काका बँकेतून निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. पाण्याच्या टाकीची किल्ली घेताना वॉचमनने ओळखपत्राची झेरॉक्स मागितली, तर काकांनी तिच्यावर तिरप्या दोन रेघा ओढून मध्ये लिहिलं, 'फक्त टाकीच्या किल्लीसाठी.' खाली तारीख आणि सही. पार्सलच्या खोक्यावरचं नाव-पत्ता ते कात्रीने कापतात, भिजवतात आणि त्याचा लगदा कुंडीत घालतात. काकांचा मोगरा आमच्या पत्त्यांवर पोसलाय, असं आमची ही म्हणते, कारण इतरांची खोकीही ते सोडत नाहीत.

भामट्यांचे फोन आले की काका खुर्ची ओढून नीट बसतात. तुमचं कार्ड बंद पडणार, असं सांगणाऱ्या एकाला त्यांनी शाखा विचारली, साहेबांचं नाव विचारलं, तिजोरीच्या किल्ल्या कोणाकोणाकडे असतात तेही विचारलं. शेवटी तोच काकुळतीला येऊन म्हणाला, "अंकल, जाने दो." त्यांनी मात्र त्याला 'ग्राहकाशी बोलायची पद्धत' समजावून सांगितल्यावरच फोन ठेवला.

हसू येतं खरं. पण माझ्या वडिलांनी एकदा फोनवरच्या एका गोड आवाजाला ओटीपीचे आकडे वाचून दाखवायला सुरुवात केली होती, तेव्हा त्यांच्या हातातून फोन काढून घेतला तो काकांनीच. तेव्हापासून मी त्यांची थट्टा जरा बेतानेच करतो.

काकांची नोकरी सगळी सह्या जुळवण्यात गेली. खातं उघडताना केलेली नमुन्याची सही कार्डावर असायची. पुढे कॉम्प्युटर आले, तशी ती पडद्यावर दिसू लागली. समोरच्या कागदावरची सही आणि नमुना जुळला की पैसे. "माणूस ओळखीचा आहे की नाही, हे आपण बघायचंच नाही," असं ते अभिमानाने सांगत.

परवा त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. त्यांची थोरली बहीण, अक्का, आल्या होत्या. काका एकटेच, त्यामुळे आता दोघांच्या नावे खातं उघडायचं होतं. अक्का अंगठा देणार होत्या, आणि अंगठा द्यायचा तर साक्षीदार लागतात. टेबलावर फॉर्म आणि शाईचं पॅड होतं. मी 'जय भीम' म्हणून बसलो. अक्का चष्मा लावून पेपर वाचत होत्या, अगदी अग्रलेखसुद्धा.

मी आपला विचारून गेलो, "अक्का तर वाचतात. मग अंगठा कशाला?"

काका पॅडचं झाकण उघडत-मिटत राहिले. मग बोलले. अक्कांनी शाळा सोडली आणि बांधकामावर विटा वाहिल्या, म्हणून काका शिकले. शिकता शिकता पाटीवर गिरवून घेऊन त्यांनी अक्कांना वाचायला आणि नाव लिहायला शिकवलं. पुढे अक्कांनी भावाच्याच शाखेत खातं उघडलं आणि सही केली. त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला पेढे दिले होते.

मग एक खोटी सही काकांच्या नजरेतून निसटली, मेमो मिळाला. त्याच सुमाराला अक्का नातवाच्या फीसाठी पैसे काढायला आल्या. विटांनी हात कामातून गेलेले, अक्षरं थरथरून ओळीबाहेर पळालेली. काकांनी स्लिप परत केली. अक्कांनी पुन्हा सही केली, पुन्हा परत. मागे रांग खोळंबलेली. बहीण म्हणून सोडलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून काका मोठ्याने म्हणाले, "सही जुळत नाही." अक्कांनी शिपायाकडून शाईचं पॅड मागून घेतलं आणि अंगठा उमटवला. त्यानंतर रेशनपासून मतदानापर्यंत कुठेही त्यांनी सही केली नाही.

"आमच्या घरातून अंगठा जावा म्हणून हिने विटा वाहिल्या," काका म्हणाले, "आणि मी हिला भर रांगेत परत अंगठ्यावर आणलं. ही खरी आहे हे त्या शाखेत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?"

मला फार वाईट वाटलं.

काकांनी पॅड बाजूला सारलं आणि खिशातलं पेन काढून अक्कांपुढे धरलं. "अक्का, हे खातं नवीन आहे. यात जुनं काही जुळवायचं नसतं. तू आज करशील तोच नमुना."

अक्कांनी पेपरची घडी घातली. पेन हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. वाटलं, करतात. मग त्यांनी ते परत काकांच्या खिशाला लावलं.

"राहू दे रे. तुझं बरोबरच होतं तेव्हा," त्या म्हणाल्या. "मला आता येत नाही ती."

त्यांनी स्वतःच पॅड ओढलं आणि अंगठा दिला. मी साक्षीदार म्हणून खाली सही केली.

काका आतून खोबरेल तेल घेऊन आले. अक्कांचा हात मांडीवर घेऊन रुमालाने अंगठा पुसू लागले. शाई केव्हाच निघाली होती. अक्का हात सोडवून घेत नव्हत्या आणि काका पुसतच होते.